फिदेन्सियोची बादली

डिसेंबर लागला की फिदेन्सियो आर्रेदोंदो घरातल्या नळांवर पहारा बसवायचा. एरवी माणूस अगदी देवगुणी. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात उभा जन्म गेला, आता निवृत्त. कुणाची गाडी बंद पडली की हातातला घास टाकून धावणार. पण पालो ब्लांकोच्या नगरपालिकेचा एक नियम होता, आणि त्या नियमाने या भल्या माणसाचं डोकं फिरवलं होतं. घरात आलेलं पाणी मीटरवर मोजता येतं, पण ड्रेनेजमध्ये किती गेलं ते कोण मोजणार? म्हणून नगरपालिका हिवाळ्यातल्या तीन महिन्यांचं पाणी बघायची. थंडीत कुणी अंगणातल्या गवताला पाणी घालत नाही, तेव्हा जे वापरलं ते सगळं ड्रेनेजमध्येच गेलं असं धरायचं, आणि त्यावरून पुढच्या अख्ख्या वर्षाचं ड्रेनेजचं बिल ठरवायचं. म्हणजे तीन महिने जीव मुठीत धरून काढले की वर्षभर चैन.

गावातले बाकीचे लोक थोडीफार काटकसर करायचे. फिदेन्सियोने मात्र त्याचं व्रतच घेतलं होतं. जेवायला कागदी ताटल्या. शॉवरखाली बादली. संडासाच्या टाकीत पाणी कमी मावावं म्हणून वाळू भरलेल्या बाटल्या. कपडे धुवायला मुलाच्या घरी, तेही सून कामावर गेलेली असताना. दाढीसुद्धा तो तीन महिने करायचा नाही. मार्चमध्ये गुळगुळीत होऊन रस्त्यावर आला की समोरचा रामिरो मुद्दाम मानाचं 'डॉन' लावून विचारायचा, "काय डॉन फिदेन्सियो, सुटलात वाटतं? किती वर्षांची झाली होती?" या रामिरोवर त्याचा भारी दात. हा गृहस्थ ऐन जानेवारीत पाईप लावून आपला पिकअप ट्रक धुवायचा आणि वर शीळ घालायचा!

ओफेलियाने हे सगळं इतकी वर्षं सोसलं, कारण निदान नाताळचे तमाले तरी थोरल्या बहिणीकडे, चेलोकडे व्हायचे. नाताळाच्या आधी नात्यातल्या बायकांनी एका टेबलाभोवती बसून दिवसभर तमाले करायचे, हा पालो ब्लांकोतल्या लोकांचा सणाआधीचा सण. मक्याच्या कणसांची वाळलेली सालं भिजवायची, त्यांवर चरबीत मळलेलं मक्याचं पीठ फासायचं, आत तिखट डुकराचं मांस भरायचं, गुंडाळ्या करून भल्यामोठ्या पातेल्यात उकडायच्या, आणि हे चालू असताना जी आली नाही तिच्याबद्दल बोलायचं. पण यंदा चेलो घर विकून मुलाकडे कॉर्पस शहरात राहायला गेली होती.

"या वर्षी तमाले माझ्या घरी," ओफेलिया म्हणाली.

"इथे? डिसेंबरात?"

"नाही, नाताळचे तमाले ईस्टरला करू या!"

"तसं नाही गं म्हातारे. पण इतक्या बायका येणार. सालं भिजवायची, भांडी धुवायची, प्रत्येकीचे हात धुवायचे. शिवाय सगळ्या कॉफी पिणार, म्हणजे मग..."

"मग संडासाला जाणार. बायका आहेत त्या, उंटिणी नाहीत."

ओफेलियाने हातातलं फडकं खाली ठेवलं आणि ती त्याच्यासमोर येऊन बसली.

"ऐक, म्हाताऱ्या. आयुष्यभर मी दुसरीच्या स्वयंपाकघरात पाहुणी म्हणून तमाले केले. लग्न झाल्यापासून एकदा, एकदाच, मला ते माझ्या टेबलावर करायचे आहेत. त्या दिवशी तू पाण्याचं नाव जरी काढलंस ना, तर संध्याकाळी चेलोच्या गाडीत बसून मी कॉर्पसला जाईन. नाताळ तिकडे, आणि मार्चपर्यंत मुक्कामही तिकडेच."

ती हसत नव्हती. फिदेन्सियोने छातीवर क्रॉस केला आणि शब्द दिला, की त्या दिवशी 'पाणी' हा शब्द तो तोंडातून काढणार नाही. शब्द दिला तो मनापासून दिला. पण हातांबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.

तमाल्यांच्या दिवशी बायका यायच्या आत त्याने सिंकखालचा पाईप सोडवून ठेवला आणि तिथे बादली लावली. मग संडासाच्या टाकीला येणारा नळ बंद केला. हिशेब साधा होता. सिंकमधलं पाणी बादलीत, बादली संडासाच्या टाकीत. एकाच पाण्याने दोन कामं, आणि मीटरला पत्ता नाही. इतकी वर्षं हे आपल्याला सुचलं कसं नाही, याचंच त्याला नवल वाटत होतं.

बायका आल्या. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा उरली नाही. चेलोने कॉर्पसहून आल्या आल्या अंगावरचा कोट काढायच्या आधी सिंकखाली डोकं घातलं.

"हे काय रे? बादली?"

"पाईप जरा गळतो," फिदेन्सियो म्हणाला. "तुम्ही चालू द्या तुमचं. भरली की मी ओतून येत जाईन."

"कुठे ओतणार?"

"बाहेर."

बाथरूम स्वयंपाकघराच्या बाहेरच आहे की, अशी त्याने मनाची समजूत घातली.

आता गंमत अशी, की चरबी कधी ड्रेनेजमध्ये ओतू नये, हे त्या टेबलाभोवतीच्या एकूण एक बाईला लहानपणापासून ठाऊक होतं. कॉफीचा रिकामा डबा असतो, त्यात ती गाळून ठेवतात. ओफेलियानेही तीन डबे घासून पुसून मांडले होते. पण बादली अंगणातच रिकामी होते आहे म्हटल्यावर डब्यांकडे बघतो कोण!

"रश्श्यावरचा हा चरबीचा थर कुठे घालू गं?"

"घाल बादलीत. बाहेरच ओततोय तो, झाडाखाली."

"आणि पिठाचं हे घमेलं?"

"गरम पाण्याने विसळ आणि दे सोडून. पेकानच्या झाडाला खाऊ."

फिदेन्सियो बादल्या वाहत होता. भरलेली बादली कोटाआड धरून तो स्वयंपाकघरातून मागच्या दाराकडे जायचा, दार एकदा उघडून आपटायचा आणि तसाच बोळातून वळून बाथरूममध्ये शिरायचा. पाणी जरा पिवळट, जरा जड वाटत होतं. पण एवढं वाचतंय म्हटल्यावर रंगाला काय चाटायचंय! त्यातून त्या दिवशी उत्तरेचा गार वारा सुटला होता. पालो ब्लांकोतली जुनी घरं जमिनीपासून हातभर उंच, खांबांवर उभी असतात. घराखालून जाणारे पाईप उघडेच, आणि वारा नेमका तिथूनच वाहत होता. वर टाकीत गरम गेलेली चरबी खाली पाईपमध्ये पोचेपर्यंत लोण्यासारखी घट्ट होत होती. हे कुणाला दिसत नव्हतं, म्हणून सगळं छान चाललं होतं.

बायकांनी मात्र त्याला सोडलं नाही. दिलेल्या शब्दाची बातमी ओफेलियाने सर्वांना सांगितली होती.

"फिदेन्सियो, घसा सुकलाय रे माझा," चेलो म्हणाली. "जरा ते दे ना."

"काय?"

"तेच ते. नळातून येतं ते."

"कॉफी देतो," फिदेन्सियो म्हणाला आणि बायका टेबलावर हात आपटून हसायला लागल्या.

सर्वांत जास्त ओफेलिया हसत होती. टेबलाच्या मुख्य जागेवर बसली होती, गालाला पीठ लागलं होतं, कुणाचं पीठ जाड होतंय, कुणाचं साल उलटं धरलंय, यावर हुकूम सोडत होती. फिदेन्सियो रिकामी बादली घेऊन दारात क्षणभर थांबला. या घरात तिला अशी हसताना आपण कधी पाहिली नाही, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याला फार बरं वाटलं. आपण किती शहाण्यासारखं दोन्ही साधलं, असंही वाटलं.

तेवढ्यात बाहेरच्या दारावर टकटक झाली आणि बादली सिंकखाली सरकवून तो दार उघडायला गेला.

दारात एक तरुण मुलगी उभी होती. गळ्यात नगरपालिकेचं ओळखपत्र, हातात फळांची आणि डबाबंद खाण्याची टोपली. "मी यादिरा. पाणीखात्यातून आले," ती हळू आवाजात म्हणाली. "ज्यांना बिल झेपत नाही, त्यांना मदत करायची आमची योजना आहे. आर्रेदोंदो इथेच राहतात ना? दोघं वयस्कर?"

"मीच आर्रेदोंदो. पण आम्ही कुठे मदत मागितली?"

"नाही मागितली, म्हणूनच आले. दर हिवाळ्यात तुमच्या घरचा आकडा इतका खाली जातो, की आमच्या साहेबांना आधी वाटलं घर रिकामं आहे. मग म्हणाले, अगं, म्हातारी माणसं आहेत, बिलाच्या भीतीने नळच उघडत नसतील. जाऊन बघून ये."

स्वयंपाकघरातल्या बायका माना वळवून बघायला लागल्या. यादिराची नजर दारातून आत फिरत होती. टेबलावर कागदी ताटल्या. सिंकखाली बादली. समोर पांढरी दाढी वाढवलेला म्हातारा, बाह्या ओल्या झालेल्या. तिचे डोळे भरून आले.

"आजोबा, खरं सांगा. किती दिवस झाले पाणी नाहीये?"

ज्या आकड्यासाठी फिदेन्सियो वर्षानुवर्षं झटला, ज्याच्या जोरावर तो रामिरोच्या दारावरून छाती काढून चालायचा, तो आकडा बघून नगरपालिकेला त्याची कीव आली होती! त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, की पोरी, मी गरीब नाही, पाणी वाचवण्यात गावात माझा पहिला नंबर आहे. पण सांगायचं तर तो शब्द उच्चारावा लागणार, आणि ओफेलिया त्याच्याकडेच बघत होती.

"आमच्याकडे... ते... भरपूर आहे," तो म्हणाला. "पण मी ते... त्याला... हात लावत नाही."

"लाजू नका आजोबा," यादिरा म्हणाली आणि तिने त्याचा हात हातात घेतला.

चेलोने तोंडात पदर कोंबावा तसा ॲप्रन कोंबला. ओफेलियाने त्या मुलीला खुर्चीवर बसवलं, नुकतेच उकडलेले तमाले दिले, गरम कॉफी दिली, पुन्हा कॉफी दिली. पोर सकाळपासून गावभर फिरत होती. थोड्या वेळाने तिने संकोचत विचारलं, "मावशी, तुमची बाथरूम वापरली तर चालेल ना? म्हणजे, परवडत असेल तर."

"जा गं बाळा," ओफेलिया म्हणाली, आणि नवऱ्याकडे रोखून बघितलं.

फ्लशचा आवाज आला. त्यामागून एक घरघर आली. आणि मग यादिरा किंचाळली.

सगळ्या बायका बोळात धावल्या. बाथटबच्या भोकातून करड्या रंगाचं, वर चरबीचे गोळे तरंगणारं पाणी उलटं वर येत होतं. बुडबुडे काढत, अगदी सावकाश. त्यात मक्याचं एक सालही गोल गोल फिरत होतं. वास तर विचारू नका.

"मी फक्त दांडी दाबली," यादिरा रडकुंडीला येऊन म्हणत होती. "देवाशप्पथ, एकदाच दाबली!"

तिनेच मग फोन करून ड्रेनेजवाल्या माणसाला बोलावून घेतलं. तो बेटो. धिप्पाड, खुशालचेंडू गडी, घरात शिरताच म्हणाला, "काय वास सुटलाय!" आणि बायकांचे चेहरे बघून घाईने पुस्ती जोडली, "तमाल्यांचा." अंगणातलं ड्रेनेजचं झाकण काढून त्याने आत लांबलचक तार घातली, यंत्र फिरवलं, तार ओढली. तिच्याबरोबर पांढऱ्याशुभ्र चरबीचा दंडाएवढा जाड सोट बाहेर आला.

"बायांनो," बेटो म्हणाला, "यात नुसतं तिखट घातलं असतंत, तरी तमाल्यांचं काम झालं असतं. एवढी चरबी संडासात ओतली कुणी?"

"आम्ही नाही ओतली!" चेलो म्हणाली. "आमची चरबी तर झाडाखाली आहे. फिदेन्सियोने स्वतः ओतली बाहेर."

सगळ्यांनी झाडाकडे पाहिलं. झाडाखालची माती ठणठणीत कोरडी होती. मग सगळ्यांनी फिदेन्सियोकडे पाहिलं. त्याच्या हातात बादली होती, कारण ती खाली ठेवायचं भान त्याला राहिलं नव्हतं.

"मला वाटलं नुसतं पाणी आहे," तो म्हणाला.

निघाला शब्द! पण आता त्याचं कुणाला काय. ओफेलियाने त्याला शिव्या दिल्या असत्या, बादली त्याच्या डोक्यात घातली असती, तर परवडलं असतं. ती फक्त एवढंच म्हणाली, "एकच दिवस मागितला होता रे." आणि आत गेली.

बाथरूम बंद, सिंक बंद, अर्धं पीठ तसंच पडलेलं. शेवटी धावून आला कोण, तर रामिरो. "आमचं घर उघडंच आहे, ओफेलियाबाई. दोन बाथरूम आहेत. हवं तेवढं पाणी सोडा." बायकांनी घमेली, सालं, पातेली उचलली आणि वरात रस्ता ओलांडून गेली. ओफेलिया सर्वांत मागे होती. आपल्याच तमाल्यांच्या दिवशी ती पुन्हा दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात पाहुणी म्हणून चालली होती. फिदेन्सियोला ती रस्ता ओलांडेपर्यंत पाठमोरी दिसत राहिली.

मागे राहिले तिघं. बेटो ट्रकवरच्या टाकीच्या पाण्याने लाईन धुऊन काढत होता. ते पाणी आपल्या मीटरवर नाही, हे फिदेन्सियोच्या मनात आलंच, आणि आलं म्हणून त्याने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

"म्हणजे तुम्हाला मदत नकोय?" यादिराने विचारलं. आता तिच्या डोळ्यांतली कीव जाऊन दुसरंच काहीतरी आलं होतं.

"नको गं पोरी. पेन्शन आहे. पोटापुरतं आहे."

"मग साहेबांना काय कारण सांगू?"

फिदेन्सियोने हातातली बादली अखेर खाली ठेवली.

"स्वभाव म्हणून सांगते," यादिरा म्हणाली आणि टोपली उचलायला लागली.

"थांब. ती कोपऱ्यावरच्या म्हातारीकडे ने, दोन्या एउलालियाकडे. एकटी असते. तिचा संडास दिवसरात्र गळतो, इथपर्यंत आवाज येतो. दुरुस्तीला पैसे नाहीत तिच्याकडे आणि मागणार तर कुणाकडे नाही. तिला म्हणावं, फिदेन्सियो उद्या येऊन वॉशर बदलतो. कधीच यायला हवं होतं मी. आपलाच आकडा बघत बसलो."

यादिरा गेली. बेटो गेला, जाताना डझनभर तमाले घेऊन आणि एक उपदेश देऊन. उपदेश असा, की चरबीची भांडी आधी कागदाने पुसावीत, तो कागद कचऱ्यात टाकावा, मग धुवावीत. फिदेन्सियोने गुडघ्यांवर बसून टब घासला, सिंकखालचा पाईप जोडला, संडासाचा नळ उघडला आणि टाकीतल्या बाटल्या काढून अंगणात नेऊन ठेवल्या. रस्त्यापलीकडून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. त्यात ओफेलियाचा आवाज ओळखायचा त्याने खूप प्रयत्न केला. तो नव्हता.

ऊन कलल्यावर बायका पांगल्या. ओफेलिया आणि चेलो परत आल्या. सगळी खरकटी भांडी स्वयंपाकघरात ठेवून ओफेलिया तडक झोपण्याच्या खोलीत गेली आणि कपाट उघडल्याचा आवाज आला. चेलो हातात गाडीची किल्ली घेऊन बोळात उभी राहिली.

फिदेन्सियो भांड्यांकडे बघत होता. मग त्याने कागद घेऊन एक एक भांडं पुसून काढलं, बाह्या वर केल्या आणि नळ सोडला. पूर्ण सोडला. वाफाळतं पाणी धो धो पडायला लागलं आणि तो सावकाश, अगदी सावकाश, पातेलं घासायला लागला.

चेलोने आत वाकून पाहिलं. तिचा डोळ्यांवर विश्वास बसेना. "ओफेलिया," ती हळूच म्हणाली, "अगं, तुझा नवरा नळ सोडून भांडी घासतोय."

"चुकून राहिला असेल उघडा."

पाणी पडतच होतं. पहिलं पातेलं झालं, दुसरं झालं. आत कपाटाचा आवाज थांबला.

"म्हाताऱ्या," आतून हाक आली, "नळ चालू आहे."

"ठाऊक आहे मला."

"मग बंद कर की."

"नाही करत." त्याने पुढचं पातेलं उचललं. "तू गेलीस की घरात मी एकटा. पाणी निम्म्यावर येईल. गावात काय, जिल्ह्यात पहिला येईन मी. मला नको तो नंबर, ओफेलिया. तू राहणार नसशील तर हा नळ मार्चपर्यंत असाच राहू दे."

चेलोने नाक ओढलं. मग ओफेलिया हातात स्वेटर तसाच घेऊन तरातरा स्वयंपाकघरात आली, नवऱ्याला खांद्याने बाजूला सारलं आणि नळ करकचून बंद केला.

"आधी सगळ्याला साबण लावायचा, मग नळ सोडायचा," ती म्हणाली. "इतकं पाणी वाया घालवतं का कुणी? सरक तिकडे. आणि तू काय बघत उभी आहेस, चेलो? गाडीतून तुझी बॅग काढून आण. उरलेलं पीठ उद्या इथेच संपवायचंय."